राइनच्या काठी तीन कलमं

मी सातारा सोडलं तेव्हा अण्णा विमानतळावर आले नाहीत. आई, मंदार, मावशी, शेजारचे कदम काका असे सगळे भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून मुंबईपर्यंत आले; अण्णा फाटकाशीच थांबले. रविवार होता, आणि रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायचा नेम मुलगी अमेरिकेला चाललीय एवढ्यासाठी मोडायचा, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी. जीपच्या खिडकीत डोकं घालून ते मला म्हणाले, "पोचलीस की आधी पाणी कुठून येतं ते बघ. बाकीचं मग आपोआप कळतं."

अण्णा पाटबंधारे खात्यात होते, तेव्हा पाणी हा त्यांचा नोकरीचाही विषय आणि गडांचाही. मला वाटलं, पोट बिघडू नये म्हणून सांगताहेत. मी हो म्हटलं आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून वाईपर्यंत रडले. बाप एवढा कोरडा कसा, याचा राग मनात धरूनच मी विमानात बसले. तो राग बरीच वर्षं पुरला.

त्याला आता अठरा वर्षं झाली. मी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहते आणि एका डेटा सेंटरच्या ऑपरेशन्समध्ये काम करते. जगातल्या लोकांचे फोटो आणि ईमेल ज्या यंत्रांत राहतात ती यंत्रं तापू नयेत, हे बघायचं माझं काम. अण्णा इथे दोनदा आले, आईबरोबर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं की एवढी यंत्रं थंड करायला पाणी लागत असेल, ते कुठून आणतात? मला सांगता आलं नाही. मी त्याच खात्यात होते, तरी. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पुन्हा विषय काढला नाही. बाकीचे पाच महिने ते बाल्कनीत बसून पार्किंग लॉट बघत होते. ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस आमच्या सबर्बमध्ये नजरकैदेतच असतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना इथे आणून बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही वेळा परत जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली ती सहा महिन्यांत कधी दिसली नव्हती.

पुढे मंदार, माझा धाकटा भाऊ, जर्मनीला गेला आणि माइन्त्सला स्थायिक झाला. मग आई गेली. साताऱ्याच्या घरात अण्णा एकटे उरले आणि आम्ही दोघं दोन खंडांतून त्यांना आळीपाळीने "जेवलात का?" असं विचारत राहिलो. एका सकाळी ते न्हाणीघरात पडले. दूधवाल्याला दार उघडेना म्हणून त्याने कदम काकांना हाक मारली, तेव्हा कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी हृदयाच्या झडपेचं नवीन दुखणं सांगितलं आणि एकटं ठेवू नका म्हणाले. मंदारने त्यांना तीन महिन्यांसाठी माइन्त्सला आणलं.

तीन महिनेच, कारण त्याच्या परवान्यावर वडिलांना त्याहून जास्त ठेवता येत नव्हतं. माझ्याकडे आणायचं तर व्हिजिटर इन्शुरन्सवाले जुन्या दुखण्याला हात लावत नाहीत, आणि आमचं स्वतःचंच ग्रीन कार्ड रांगेत. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ज्यांना परत जायचंच असतं ते जातात. आम्हाला कुणी साखळदंडाने बांधलेलं नव्हतं. माझी ईशा नववीत होती, मंदारने नुकतं घर घेतलं होतं, आणि दोघांनाही आपापल्या आयुष्याची सवय झाली होती. सवय झाली होती हेच खरं कारण, ते आम्ही एकमेकांशीही बोललो नाही. त्याऐवजी दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर वृद्धाश्रम शोधत राहिलो. वृद्धाश्रम हा शब्दही आम्ही वापरत नव्हतो, सीनियर लिव्हिंग म्हणायचो. पुण्याबाहेर एक बरं ठिकाण सापडलं. खोली ठरवूनही टाकली. फक्त ज्या माणसासाठी ठरवली त्याला सांगायचं राहिलं होतं.

हे सांगायला मी आठवड्याची सुट्टी टाकून जर्मनीला गेले. ईशाने निघताना विचारलं, "मॉम, व्हाय कान्ट आजोबा जस्ट लिव्ह विथ अस?" मी इन्शुरन्सचं सांगायला लागले, तर तिने मान डोलावून हेडफोन लावले. बहुधा तिला फक्त मी काय उत्तर देते ते बघायचं होतं.

राइनच्या खोऱ्यातले गड दाखवायचे ही कल्पना मंदारची. माइन्त्सपासून तासाभरावर नदीच्या दोन्ही काठांच्या डोंगरांवर गडच गड आहेत. अण्णा गडावर खुशीत असतात, तिथे बोलू, असं त्याचं म्हणणं. लहानपणी मार्क कमी पडले की आम्ही प्रगतिपुस्तक गडावरच काढायचो, त्यातलीच ही युक्ती. चाळिशी ओलांडलेली दोन माणसं अजून त्याच युक्तीवर विसंबून होती.

पहिल्या दिवशी बाखराखच्या बाजूचा एक गड बघितला. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखणारे; गाडी वरपर्यंत जात होती तरी शेवटचा चढ त्यांना पायीच चढायचा होता. महादरवाजात थांबून त्यांनी वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला, आपल्याकडे गडात शिरताना लावतात तसा. मागचं जर्मन जोडपं अदबीने थांबून राहिलं. कचरा गोळा करायला त्यांनी खिशात दोन पिशव्या आणल्या होत्या. प्रत्येक गडाचा कचरा ते खाली आणतात. इथे कागदाचा कपटाही नव्हता, तेव्हा पिशव्या तशाच परत खिशात गेल्या आणि अण्णा जरा हिरमुसले. आतली तटबंदी बघून ते म्हणाले, हे जुनं नाही, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेने पुन्हा बांधलंय. ते बरोबर होतं. अंगणात पांढरी कापडं लावून लग्नाची तयारी चालली होती. "हा गड कुठला, हे तर मंगल कार्यालय आहे," असं म्हणून ते नदीकडे तोंड करून बसले. मंदारने पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, कुठलं तरी यूट्यूब बघून. अण्णांनी तीन खाल्ल्या. आम्ही त्या दिवशी बोललो नाही, कारण ते नाराज होते.

दुसऱ्या दिवशीही बोललो नाही, कारण ते खूश होते. काउबजवळ नदीच्या मधोमध एक गड आहे, होडीने जावं लागतं. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून जकात वसूल करायला तो बांधला होता, हे कळल्यावर अण्णांना त्या सगळ्या खोऱ्याचा उलगडा झाला. एवढे गड एवढ्या जवळजवळ का, ते त्यांना कालपासून सतावत होतं. तर हे सगळे जकातनाके. ते तटावरून फिरत मला समजावून सांगत होते, साखळी कुठून टाकत असतील, तोफा कुठे असतील, आणि मी एकीकडे मंदारला डोळ्यांनी खुणावत होते. तो म्हणाला, "ताई, उद्या. लास्ट डे. प्रॉमिस." मीही लगेच ऐकलं. मलाही उद्याच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सांक्ट गोआरच्या वरचा मोठा पडका गड. इथे मात्र नवं काही बांधलेलं नव्हतं. उघडे बुरूज, छपरं उडालेल्या कोठ्या, भिंतींतून उगवलेली झुडपं, आणि खाली राइनचं वळण. अण्णांचा चालायचा वेगच बदलला. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी पाणी शोधलं. एवढी थोरली नदी पायाशी आहे की, असं मंदार म्हणाला, तर ते हसले. नदी खाली आहे आणि आपण वर. वेढा पडला की नदी शत्रूची. गड लढतो तो टाक्यातल्या पाण्यावर आणि आतल्या शिबंदीवर. लहानपणी शंभरदा ऐकलेलं होतं हे. मी तेव्हा जांभया द्यायचे.

एका पाटीपाशी त्यांनी मंदारला थांबवून वाचायला लावलं. मंदारने फोनवर आणखी शोधून सांगितलं की एवढा बळकट गड, पण शेवटी एक गोळीही न झाडता फ्रेंचांच्या हाती गेला आणि त्यांनी सुरुंग लावून तो उडवला. अण्णांनी विचारलं, किल्लेदाराचं काय झालं? त्याला मरणाची शिक्षा झाली होती, मग ती कमी करून कैदेत टाकलं. बिचाऱ्याकडे माणसंच नसतील, अण्णा म्हणाले.

मग एका तुटक्या भिंतीवर बसून त्यांनी आम्हा दोघांना समोर बसायला सांगितलं.

"तीन दिवस गड दाखवताय. आता बोला. कुठली जागा बघितलीय?"

मंदारचा चेहरा उतरला. मी विचारलं की तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले, तुम्ही दोघं एका वेळी माझ्यासमोर आलात, तेव्हाच कळलं. याआधी तुम्ही दोघं एकदम आला होतात ते आई गेली तेव्हा.

मी सांगायला लागले. पुण्याबाहेर आहे, डॉक्टर तिथेच असतात, टेकडी आहे, वाचनालय आहे, तुमच्या वयाचे लोक आहेत. मी ऑफिसात प्रेझेंटेशन देते तशी बोलत होते आणि माझं मलाच ऐकवत नव्हतं. अण्णांनी हाताने थांबवलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून रुमालाने पुसला.

"गड देतो मी," ते म्हणाले. "माणसं नसताना लढवायचा हट्ट केला की आतले उपाशी मरतात. पण खाली उतरायचं ते अटी घालून. मंदार, लिहून घे."

आपल्या इतिहासात हे शेकडो वेळा झालंय: किल्लेदार कलमं घालतो, समोरचा शपथ घेतो, मग दरवाजा उघडतो. अण्णांना आयुष्यभर त्याचं वाचन. पण आपल्याच मुलांशी तह करायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नसणार. मंदारकडे गडाचा नकाशा होता, तिकिटाबरोबर मिळालेला. त्याच्या पाठीवर त्याने पेन टेकवलं.

पहिलं कलम घराचं. मी असेपर्यंत साताऱ्याचं घर विकायचं नाही आणि भाड्याने द्यायचं नाही. किल्ली कदमांकडे ठेवायची. त्यांनी पंधरा दिवसांनी एकदा सगळे नळ सोडून बघायचे.

दुसरं फोनचं. रोज करायचा नाही, रविवारी करायचा. आणि जेवलात का, असं विचारायचं नाही. तिथे जेवायला देणारच आहेत. दुसरं काही असेल तर बोलायचं.

तिसरं सांगायच्या आधी त्यांनी पर्यटकांचा एक घोळका पुढे जाऊ दिला.

"मी गेलो की मला बर्फात ठेवायचं नाही. जे कुणी तिथे असतील त्यांनी त्याच दिवशी उरकायचं. तुम्ही यायला थांबायचं नाही."

मी म्हटलं, "अण्णा, असं कसं?"

"तुझ्या आईला तुमच्यासाठी तीन दिवस ठेवलं. मी तीन दिवस त्या दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, वैशू. आत ती, बाहेर मी. कुणावर राग नाही माझा. पण माझ्यासाठी कुणी तसं बसायचं नाही."

हे त्यांनी सहा वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. आम्ही आलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, अण्णांनी आमच्या हातात चहा दिला होता. त्या आधीच्या तीन दिवसांचं आम्ही कधी विचारलंच नाही.

मंदार रडवेला होऊन म्हणाला की आम्ही वर्षातून एकदा नक्की येऊ, दोघंही, हेसुद्धा लिहितो.

"ते लिहू नकोस," अण्णा म्हणाले. "एक कलम खोटं घातलं की बाकीची पण कुणी पाळत नाही."

मग त्यांनी आम्हाला सह्या करायला लावल्या. आम्ही केल्या. ते उठले, पँटची माती झटकली आणि पाण्याचं टाकं अजून सापडलं नाही म्हणून मागच्या अंगाला शोधायला गेले. आम्ही दोघं त्या भिंतीवर बसून राहिलो. मला खरोखर हलकं वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि सगळं काम त्यांनीच केलं होतं. दोन दिवसांनी फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांचं विमान माझ्या आधी होतं. व्हीलचेअरवर बसवून नेताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

ते पुण्याबाहेरच्या त्या जागेत दीड वर्ष राहिले. पहिलं कलम कदम काकांनी आमच्या वतीने पाळलं, त्यांच्या मुलाने त्यांना नाशिकला नेईपर्यंत. त्यानंतर नळ कुणी सोडले नाहीत. अण्णांना आम्ही ते सांगितलं नाही.

दुसऱ्या कलमाने आमची लाज काढली. रविवारी सकाळी मी फोन करायचे, आणि जेवलात का हे वगळलं तर माझ्याकडे बोलायला काही नसायचं. इतकी वर्षं आम्ही त्या एकाच प्रश्नावर संसार रेटला होता. मी हवामान सांगायचे, ईशाचे मार्क सांगायचे. तेच कधी तरी सांगायचे की मागच्या टेकडीवर ते आणखी चौघांबरोबर रोज जातात, तिथे एक जुनी विहीर आहे. मी "अच्छा" म्हणायचे. पुढे काय विचारायचं ते मला येत नव्हतं. शिकले असते, वेळ मिळाला असता तर, असं मी स्वतःला सांगते. अठरा वर्षं हा वेळ नव्हता का, हे मात्र विचारत नाही.

मागच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी, ऑफिसच्या कॅफेटेरियात माझा फोन वाजला. तिथल्या मॅनेजर बाई होत्या. अण्णा संध्याकाळच्या जेवणानंतर खुर्चीतच गेले. त्यांनी लेखी देऊन ठेवलंय, म्हणाल्या, कुणासाठी थांबायचं नाही. तर उद्या सकाळी सातला आम्ही नेतो, त्यांचे मित्र आहेत, सगळं नीट करू, तुम्ही काळजी करू नका.

मी म्हटलं, "थांबवा. मी निघालेय."

त्यांनी पुन्हा सांगितलं की त्यांनी लेखी दिलंय. मी म्हटलं, मी त्यांची मुलगी आहे. एवढ्यावर त्यांनी बरं, थांबवते म्हटलं. मंदारने फोनवर आठवण करून दिली. "ताई, आपण साइन केलंय," असं म्हणून तो रडत होता. मी त्याला नको ते बोलले. तू बाप सोडून दिलास, असं बोलले. तो आला नाही. त्याने आपला शब्द पाळला, आणि त्याबद्दल मी अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

माझं विमान बर्फामुळे सुटलं नाही, पुढचं चुकलं. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता, अण्णा दवाखान्याच्या शवागारात होते. अण्णांचा हात हातात घेतला तो फ्रीजमधल्या भांड्यासारखा गार, कुणाचाही असू शकला असता. दवाखान्याच्या बाहेर बाकावर दोन म्हातारे बसले होते, एकाच्या मांडीवर घडी केलेली शाल. अण्णांचे टेकडीवरचे सोबती. मॅनेजर बाईंनी सांगितलं की बुधवारी सकाळी सहालाच चौघं आंघोळी करून तयार होते. मी थांबवा म्हटलं म्हणून त्यांना थांबवलं, तर आश्रमात बसायला कुणी तयार होईना. तीन दिवस पाळीपाळीने दोघं-दोघं या बाकावर बसले होते. त्यातल्या एकांचं वय पंच्याऐंशी. ते उठून मला जागा द्यायला लागले. "बस बाळ, लांबून आलीस," म्हणाले.

कुणी मला दोष दिला नाही. नातेवाईक म्हणाले, मुलगी वेळेवर पोचली, अण्णा नशीबवान. अ‍ॅशबर्नला परत आल्यावर मैत्रिणींनीही तेच म्हटलं, निदान तुला शेवटचं बघता तरी आलं. इकडे आपल्या लोकांत आता ही मोठीच गोष्ट धरतात.

साताऱ्याचं घर विकायला काढलंय. तिकडे आता कोण असतं तुमचं, असं कुणी विचारलं तर मी कोणी नाही म्हणते, आणि मग जायचं कशाला असं विचारलं की विषय बदलते. घर कुठलं विचारलं तर अ‍ॅशबर्न सांगते. पण डोळ्यांसमोर येतो तो दवाखान्याचा बाक आणि त्यावर शाल मांडीवर घेऊन बसलेली परकी म्हातारी माणसं. शेवटच्या दीड वर्षात अण्णांच्या घरात हीच माणसं होती. ती त्यांना वेळेवर पोचवायला निघाली होती, त्यांच्या मनासारखं, आणि त्यांना मी आठ हजार मैलांवरून फोनवर अडवलं.

आम्ही गेलो त्याबद्दल अण्णा कधी बोलले नाहीत. परत या असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. एकदाच, शेवटच्या वेळी, मी जायचं नव्हतं, तेवढंच त्यांनी मागितलं होतं. आणि मी तेव्हाच गेले.